कावळा कुठे शिवला

लहानपणी महिन्यातून एकदा आमच्या वाड्यात एक वाक्य ऐकू येई आणि माझ्या पोटात खड्डा पडे. ‘आईजवळ जाऊ नकोस गं, तिला कावळा शिवलाय.’ दूध उतू गेल्याचं सांगावं इतक्या सहज आजी ते बोलून जाई. पुढचे तीन दिवस आई स्वयंपाकघरात नसे, माजघरात नसे, देवघरात तर नसेच. ती परसाकडच्या पडवीत असे. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरायला एक जुनं कांबळं. चौथ्या दिवशी पहाटे न्हाऊन ती परत घरात येई, मी तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसून बसे आणि सगळे दिवस पुन्हा पहिल्यासारखे होत.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. १९७०-७१ साल असेल. वाईत, कृष्णेपासून दोन आळ्या आत आमचा वाडा. त्या वाक्याचा मला एकच अर्थ कळत होता: कुठूनतरी एक कावळा येतो आणि माझ्या आईला शिवून जातो. मग तो कुठे शिवला असेल? पडवीच्या उंबऱ्याबाहेर बसून मी लांबूनच तिच्यावर नजर फिरवत असे. पदरावर, वेणीवर, कोपराच्या मागे, पायाच्या घोट्यावर. काळं बोट उमटल्यासारखं काहीतरी असणार अशी माझी खात्री होती. आई विचारी, “काय गं, काय शोधतेस?” मला सांगता येत नसे. खूण कधी दिसली नाही.

एकदा मी दगड उचलला. शेवग्याच्या फांदीवर कावळा बसला होता. हाच तो, असं मी मनाशी ठरवलं होतं. आई पडवीतून ओरडली, “अगं, त्याला नको मारू!” एरवी ती धावत आली असती आणि माझं मनगट धरलं असतं. पण ती उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिचा हात अर्धवट पुढे आला होता, तो तिनं मागे घेतला. हात पुढे येताना आणि मागे जाताना मी पाहिला. पंचावन्न वर्षं झाली, तो हात मला अजून दिसतो.

“ठेव तो दगड खाली,” ती हळू म्हणाली. “आणि तिथेच बस. तो आता काय करतो बघ.”

कावळ्याच्या चोचीत वाळक्या भाकरीचा तुकडा होता. तो खाली उतरला, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर बसला. मान तिरकी करून त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग तुकडा पाण्यात बुडवला. जरा थांबला. पुन्हा बुडवला. मऊ झाल्याची खात्री पटल्यावर त्यानं तो पायाखाली दाबला आणि शांतपणे खायला लागला. “दात नाहीत ना त्याला,” आई म्हणाली.

त्या दिवसापासून महिन्यातले ते तीन दिवस मी पडवीच्या पायरीवर बसू लागले. ती आत, मी बाहेर, मध्ये चार हातांचं अंतर. जवळ घेता येत नव्हतं, केस विंचरता येत नव्हते, भरवता येत नव्हतं. तिच्याकडे फक्त एक बोट होतं, दाखवण्यासाठी. ‘ते बघ.’ अंजिराच्या पानाची कड दुमडून शिंपी टाके घालत होता. कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि कापसाचे तंतू चोचीनं ओढून त्यानं दोन दिवसांत पानाची पिशवी केली. ‘ते बघ.’ कौलांच्या कोन्यावर बसून दयाळ गात होता. चैत्रातल्या पहाटे तो सुरू झाला की घरातल्या जात्याच्या आवाजालाही मधूनमधून थांबल्यासारखं वाटे. ‘तिकडे नाही, खाली बघ.’ खारीनं आणलेलं काहीतरी कावळ्यानं पळवलं होतं आणि ते खाण्याऐवजी कौलाच्या फटीत खोचून त्यावर वाळकं पान ठेवलं होतं. संध्याकाळी येऊन त्यानं नेमकं तेच कौल उचकटलं. आईनं मला विचारलं होतं, “तुझ्या लक्षात राहिलं असतं का कुठलं कौल ते?” मला खरंच राहिलं नसतं.

आईच्या बोटाच्या टोकापासून त्या पक्ष्यापर्यंत जी न दिसणारी रेघ जाई, तिला धरून मी तिच्यापर्यंत पोचत होते. हे आज सुचतं. तेव्हा एवढंच वाटे की आई जवळ आहे.

त्या पडवीला मी तपोवन म्हणणार नाही. माघातल्या थंडीत तिथे तिचे हात काळेनिळे पडलेले मी पाहिलेत. तिला ताप असतानाही पाण्याचा तांब्या लांबून सरकवला जाताना पाहिलंय. शरीराच्या साध्या धर्मासाठी एका बाईला घराच्या कडेला बसवणं हा अन्याय होता आणि आजी माझी कितीही लाडकी असली तरी तो अन्यायच होता. पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारलं, तुला राग नाही यायचा? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “यायचा ना. पण तीन दिवस घरातलं कुणी हाक मारायचं नाही. मग बाहेरच्यांच्या हाका ऐकायला लागले.”

कावळ्याच्या हाका किती प्रकारच्या असतात हे मला तिनं शिकवलं. मांजर आलं की होणारा कर्कश गलका वेगळा. खाणं सापडल्याचा पुकारा वेगळा. आणि दुपारी, सगळं निवांत असताना, जोडीतला एक दुसऱ्याच्या मानेवरची पिसं चोचीनं विंचरतो, तेव्हा घशातल्या घशात होणारी गुरगुर. ती ऐकायला फार जवळ बसावं लागतं आणि फार हललेलं चालत नाही. कावळ्याचा आवाज गोड असू शकतो हे ज्यांना खोटं वाटतं, त्यांनी ती गुरगुर ऐकलेली नाही. मान राखाडी तो गावकावळा, सगळा काळाभोर आणि जाड चोचीचा तो डोमकावळा, हेही तिथलंच शिक्षण. डोमकावळा वाड्यात क्वचित येई. आला की आई आवाज खाली आणून बोले.

उन्हाळ्यात परसातल्या आंब्यावर घरटं होई. वैशाखात कावळ्यांनी आंब्या-करंजावर घर बांधलं तर पाऊस चांगला, काटेरी बाभळीवर बांधलं तर ओढ, असं गावात म्हणत. आजोबा रोज सकाळी मान वर करून आंब्याकडे पाहत आणि समाधानानं आत जात. त्याच घरट्यात एका वर्षी आईनं मला कोकिळेचं पिल्लू दाखवलं. वसंतभर जो गातो तो काळा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, लपतछपत वावरणारी. कावळे नराच्या मागे लागले की ती घरट्यात अंडं घालून जाते. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी अंड्यातून बाहेर येतं, आधी तोंड उघडतं, आधी वाढतं. युरोपातल्या कुक्कूचं पिल्लू बाकीची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं. आपल्याकडच्या कोकिळेचं पिल्लू बहुधा तसं करत नाही, कावळ्याच्या पिल्लांशेजारीच मोठं होतं. एवढा चतुर कावळा, कौलाखालचा घास विसरत नाही, आणि स्वतःचं पिल्लू ओळखत नाही? मी आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, “ओळखत असेलही. पण उघडी चोच समोर आली की घास घातल्याशिवाय राहवत नाही त्याला.”

ती तीन दिवसांची बसणी आमच्या घरात आईनंच थांबवली. मी न्हातीधुती झाले त्या दिवशी. आजी सवयीनं कांबळं काढायला गेली, तर आईनं ते तिच्या हातातून घेतलं आणि घडी करून माळ्यावर टाकलं. मोठं भांडण झालं नाही. “हिला कुणी शिवलेलं नाही,” एवढंच ती म्हणाली आणि मला जेवायला तिच्या शेजारी बसवलं. आजीही काही बोलली नाही. मला आता वाटतं, आजीही कधीतरी त्याच पडवीत बसली असेल.

पण आई स्वतः मात्र रोज सकाळी अर्धा तास परसाच्या पायरीवर जाऊन बसत राहिली. आता तिला कुणी बसवलं नव्हतं. कणिक मळायच्या आधी, चूल पेटायच्या आधी ती तिथे जाई आणि परत येई तेव्हा तिच्या चेहऱ्यावर झोप झाल्यासारखं काहीतरी असे. त्या अर्ध्या तासाच्या बळावर ती दिवस काढते हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. संसारात तिच्या वाट्याला जे आलं ते काही कमी नव्हतं. ते इथे सांगत नाही. ती पुरून उरली, आणि पुरून उरण्याची शिदोरी ती सकाळी त्या पायरीवरून उचलून आणत होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या भाषेनं या पक्ष्याशी काय काय केलं! बाळाच्या पहिल्या घासांत एक घास काऊचा असतो. गोष्टीत त्याचं घर शेणाचं, पावसात वाहून जाणारं. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत तो पाहुण्याचा शकुन सांगतो आणि मायेचे किती किती लाड त्याला देऊ केले जातात. म्हणीत तो फांदीवर बसतो आणि फांदी मोडते, शाप देतो आणि गाई मरत नाहीत. तो बाईला शिवला तर ती बाहेर बसते. आणि माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी भाताच्या पिंडाला तो शिवला तर जीव सुटतो, घरचे मोकळे होतात. पक्षी तोच, शिवणं तेच. जिवंत बाईला तो शिवला की विटाळ, मेलेल्या माणसाला शिवला की सुटका. हे मी आईसमोर एकदा बोलून दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शेंगदाणे निवडता निवडता म्हणाली, “त्याला यातलं काहीच माहीत नाही गं. तो भुकेला असतो.”

वडील गेल्यावर ती माझ्याकडे पुण्याला आली. तिसरा मजला. पायरी नाही, परस नाही. खिडकीबाहेर एक पर्जन्यवृक्ष होता आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून वीतभर रुंदीचा कठडा. तिनं पहिल्याच सकाळी तिथे पोळीचा तुकडा ठेवला. आठ दिवस तो तसाच वाळत राहिला. नवव्या दिवशी एक गावकावळा आला, तुकडा घेऊन गेला, आणि मग आलाच. समोरच्या झाडावर त्या जोडीनं केलेलं घरटं बांधकामावरच्या लोखंडी तारांचं होतं, मध्ये नारळाच्या शेंड्यांचा मऊपणा. आई म्हणे, तो मला ओळखतो. मी तिचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणे. पुढे वाचनात आलं, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे त्याच्यावर ओरडत धावून येत, ज्यांना पकडलं नव्हतं तेसुद्धा. जात वेगळी, पण कुळ तेच. मी हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. “मुखवटे घालून कशाला पकडायचं ते,” ती म्हणाली. तिला ओळखीचं नवल वाटलंच नव्हतं.

मारुती चितमपल्लींची पुस्तकं तिच्या उशाशी असत. कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. ‘काकागार’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा आई किती वेळ तो मनाशी म्हणत होती. इतकी वर्षं ती ज्यांच्यात बसली, त्यांच्या घराला कुणीतरी नाव दिलं होतं, आणि ते देवळाच्या गाभाऱ्यासारखं ऐकू येत होतं.

शेवटच्या वर्षी तिची वाचा गेली. उजवी बाजूही गेली. आम्ही पलंग खिडकीशी सरकवला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आम्ही केलं, पण दिवसातला तिचा चांगला वेळ एकच असे, सकाळी सात ते साडेसात. कावळा येई, कठड्यावर बसे, मान तिरकी करून आत पाही. आणि आईच्या डाव्या हाताचं बोट चादरीवरून दोन इंच उचललं जाई. ते बघ.

मी बघत असे. पन्नास वर्षांपूर्वी त्या बोटाला अंतर पार करायचं होतं, आता ते मुकेपण पार करत होतं. मी तिच्या अगदी जवळ, तिचा खांदा माझ्या कुशीत, तिला हवं तेवढं शिवायला मोकळी. तरी मला सगळ्यात जास्त ती भेटत होती, ते आम्ही दोघी एकाच पक्ष्याकडे पाहत असताना.

२०२५च्या जूनमध्ये ती गेली. पहाटे, पाऊस चालू असताना. सात वाजता कावळा कठड्यावर आला. मी पोळी ठेवली. त्यानं घेतली नाही. पलंगाच्या दिशेनं पाहत राहिला, मग उडून गेला. पुढचे चार दिवस पोळी भिजून कठड्याला चिकटत राहिली. मी यातून काही अर्थ काढत नाही. पावसात झाडाखाली अळ्या-किडे मुबलक असतात, त्याला पोळीची गरज नसेल. एवढंच सांगते की ते चार दिवस मी सात वाजता खिडकीशी उभी होते. त्याच सुतकाच्या दिवसांत, १८ जूनला, सोलापूरहून चितमपल्ली गेल्याची बातमी आली. मी वर्तमानपत्र आईच्या रिकाम्या पलंगावर ठेवलं, तिला वाचायला ठेवावं तसं.

दहावा वाईला केला. तिची माती नसली तरी तिचं पाणी तिथलं, असं दादा म्हणाला. रात्रभर पाऊस झाला होता, कृष्णा गढूळ आणि भरलेली. महागणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून माशासारखी निमुळती बांधलेली आहे. लहानपणी आई मला तिच्यावर हात फिरवू देई. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. गुरुजींनी पिंड मांडले, दादानं पाणी सोडलं, आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो.

कावळे होते. पलीकडच्या पिंपळावर सात-आठ तरी दिसत होते. एकही खाली येईना. असं झालं की जवळची माणसं गेलेल्याला शब्द देतात. दादा हात जोडून म्हणाला, वाडा विकणार नाही. मावशी म्हणाली, लेकीकडे लक्ष ठेवीन. कुणी म्हणालं, तिची आंब्याची इच्छा राहिली असेल, आंबा ठेवा. आंबा ठेवला. अर्धा तास गेला. एका नातेवाइकानं मोबाइलवर आलेलं सांगितलं, भाद्रपदात कावळे पिल्लं घालतात म्हणून पितृपक्षात घास ठेवायची पद्धत पडली. ते खरं नाही. त्यांची घरटी उन्हाळ्यातली, भाद्रपदापर्यंत पिल्लं उडून गेलेली असतात. पण मी काही बोलले नाही. गुरुजी दर्भ वळायला बसले. कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात.

माझ्याकडे द्यायला शब्द नव्हता. मी त्या ओल्या पायरीवर खाली बसले, जशी परसात बसायचे तशी, आणि हलायची थांबले. एवढंच मला येत होतं. गलका माझ्यामागे राहिला. पिंपळाच्या खालच्या फांदीवर एक पिल्लू सारखं ओरडत होतं, पंख थरथरवत होतं. कावळ्याच्या पिल्लासारखा आवाज नव्हता तो. नीट पाहिलं तर अंगावर फिकट ठिपके होते.

त्याच्याजवळचा कावळा उडाला. घाटाच्या कठड्यावर उतरला. मान तिरकी करून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पिंडाकडे. दोन उड्या मारून तो जवळ आला आणि भातात चोच खुपसली. एकदा, दोनदा, तीनदा. मागे कुणीतरी “शिवला, शिवला!” म्हणून रडायला लागलं. त्यानं काही गिळलं नाही. गळा भरून घेतला आणि नदीवरून परत पिंपळाकडे गेला, जिथे ते पिल्लू चोच उघडून बसलं होतं.

“झालं, ताई,” गुरुजी म्हणाले. “आता पिंड पाण्यात सोडू.”

मी म्हटलं, जरा थांबा. वाकून पाहिलं. पांढऱ्या भातात, जरा डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा खळगा पडला होता. कडेला पायाची अर्धवट नखं उमटली होती. मी खळग्यात बोट ठेवलं.